दोनशे मायक्रॉन

मेढ्यात पाऊस येत नाही,
राहायलाच असतो.
आषाढ निम्मा सरला तेव्हा मी म्हटलं, आता उभारू.
रांजणे म्हणाले, सिस्टर, उघडीप तरी बघा.
उघडीप असती तर छप्पर कशाला लागलं असतं?

जागा पार्ट्यांची, ओढ्याच्या अलीकडे, दीड गुंठा.
कागद नाही. वर्षाला दोन हजार
आणि पहिल्या तोडीची शिमला मिरची, असं तोंडी ठरलंय.
पार्टे म्हणतात, तिथं बेडकाशिवाय कुणी सुखी झालेलं नाही.

पाइप जुने. वाईच्या एका गुलाबवाल्याचं
मोडलेलं पॉलिहाऊस, टेम्पोतून आलेलं.
कुठला कशात बसतो म्हणून त्यानं खडूनं नंबर घातले होते.
कुडाळपर्यंत आकडे दिसत होते म्हणे.
मेढ्यात उतरवले तेव्हा बावीस पाइप,
एकालाही नाव नाही.
मग मी कापसाच्या पेटीतली चिकटपट्टी काढली,
नवजात बाळाच्या मनगटाला लावायचो तशी
एकेकाला लावली. बॉलपेन उमटेना.
पेन्सिल उमटली.

खड्डे दीड फूट. खणला की भरतो.
रांजणे डालड्याच्या डब्यानं उपसतात,
मी खडी टाकते, सिमेंट टाकते,
ते पातळ होऊन ओढ्याच्या वाटेला लागतं.
चौथ्या खड्ड्यापाशी आम्ही दोघंही काही बोललो नाही.
सातव्यात पाइप असा बसला
जशी शिरेत सुई बसते:
आधी हाताला कळतं,
मग डोळ्याला.

वेल्डिंगवाला आला नाही. लाइट नव्हती,
आणि असती तरी, तो म्हणाला,
ओल्या गवतात उभं राहून मला वर जायचं नाही.
मग नटबोल्ट. मग तार. मग माझ्या जुन्या पांढऱ्या साडीच्या पट्ट्या,
जिथं पाइपाची धार प्लॅस्टिकला कापेल
तिथं तिथं गुंडाळलेल्या.

प्लॅस्टिक दोनशे मायक्रॉन.
म्हणजे किती, रांजण्यांनी विचारलं.
मी म्हटलं, सलाइनच्या पिशवीपेक्षा पातळ.
एक टोक अडकवलं, दुसरं अडकवायला वळलो
आणि वारा आत शिरला.
ते पोटुशीसारखं फुगलं,
एकदा आमच्याकडे बघितलं,
आणि निघालं.

तासाभरानं हायस्कूलकडून सहा पोरं
ते डोक्यावर धरून परत आली, एका ओळीत, खिदळत.
अख्ख्या जावळीत त्या घडीला
कोरडी असलेली तेवढी सहाच डोकी.
सोडायला तयार नव्हती.

फाटलं होतं दोन ठिकाणी.
त्याला टाके घालता येत नाहीत, भोकं वाढतात.
पुन्हा चिकटपट्टी.

आता आठवडा झाला. उभं आहे.
थोडं पूर्वेला कललंय,
ऑपरेशननंतर पहिल्यांदा खाटेवरून उतरलेल्या माणसासारखं.
आतली माती मात्र सुकून भेगाळायला लागली,
आणि हे मी कुणाला सांगणार नव्हते:
बाहेर धो धो, ओढा साकवाला लागलेला,
आणि मी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात झारी,
रोपांना पाणी घालायला निघालेली.
पार्ट्यांच्या सुनेनं बघितलं.
पुढचं काम तिनं केलं.

संध्याकाळी रांजणे येतात, रेनकोट दाराशी निथळत ठेवतात,
पालथ्या क्रेटवर बसतात. बोललेलं ऐकू येत नाही,
वर पाऊस एवढा वाजतो.
प्लॅस्टिकला आतून वाफ धरते,
थेंब होतो, घसरतो, पडतो
दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या रोपावर, नेमका.
मी घड्याळ बघते.
तीस वर्षं रात्रपाळीला हेच केलं,
मनगट आपोआप वळतं.
मिनिटाला अकरा.

रांजणे ओरडून विचारतात, कमी आहेत का जास्त?
मी ओरडून सांगते,
सकाळी कळेल.